मुकी झालेली चित्रफीत



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा तर शहरात संगणकापुढे बसणाऱ्या मंडळींचा विषय. तसे मुळीच नाही. लग्न असो, बारसे असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की भजनाची बारी, खिशातला मोबाइल काढला की चित्रफीत तयार होते. तिथवर सगळे ठीक. पुढे कधीतरी ती चित्रफीत एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यावी लागते, नवे यंत्र जुने रूप घेत नाही म्हणून तिचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतर झाल्यावर पाहावे तो काय? माणसे हलताहेत, त्यांचे ओठ हलताहेत, पण आवाजाचा पत्ता नाही. फीत मुकी झाली!

मला आज एवढेच सांगायचे आहे की असा आवाज बहुतेक वेळा नाहीसा झालेला नसतो. तो कुठेतरी असतो. मूळ फायलीत तर असतोच असतो. पण हे ठाऊक नसल्यामुळे माणूस वैतागतो, ‘गेला आवाज’ म्हणून कपाळाला हात लावतो, आणि मग जागा मोकळी करण्याच्या नादात खरा आवाज स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

मावळातल्या एका प्राथमिक शाळेतले गुरुजी माझ्याकडे आले होते. मी लोकसाहित्य शिकवतो, म्हणून अशी मंडळी येतात. २०११-१२ च्या सुमारास त्यांनी आपल्या बटणांच्या मोबाइलवर गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या. नऊ छोटे छोटे तुकडे. आजी पुढे वारल्या. शाळेत मोठा टीव्ही आला तेव्हा गुरुजींच्या मनात आले, मुलांना या ओव्या ऐकवाव्यात. टीव्ही त्या जुन्या फायली घेईना. गुरुजींनी मोबाइलवर एक फुकटचे रूपांतर करणारे ॲप उतरवले, नऊही तुकडे एमपी-४ रूपात आणले. टीव्हीवर आजी दिसल्या, जाते फिरले, पदराने घाम पुसलेला दिसला. ओवी मात्र ऐकू येईना. तोवर नऊपैकी दोन मूळ फायली त्यांनी पुसूनही टाकल्या होत्या, कारण ‘नवीन झाल्या आहेत ना!’

ओव्या लिहून घेण्याचे काम आपल्याकडे थोडेथोडके झालेले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावोगावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांतल्या कित्येकांचे ध्वनिमुद्रणही झाले. पण ज्या आजीपर्यंत तसे कोणी पोचले नाही, तिचा गळा असतो तो एखाद्या शिक्षकाच्या, एखाद्या नातवाच्या जुन्या मोबाइलमध्येच. ओवीचे शब्द कागदावर उतरतात. ओळीच्या शेवटी तिने स्वर कसा ओढला, जात्याच्या घरघरीवर तो कसा तोलला, हे कागदावर उतरत नाही. म्हणून हा मुकेपणा मला किरकोळ वाटत नाही.

आता हे होते कसे, ते पाहू.

आवाज आणि चित्र ही मुळात एकत्र जन्मलेली भावंडे नव्हेत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला तो मुका. पडद्यावरची माणसे बोलू लागायला १९३१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. पण बोलपट आला म्हणजे चित्रात आवाज मिसळला, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. फिल्मच्या पट्टीवर चित्राच्या चौकटींच्या कडेने एक अरुंद पट्टी असे, आवाज त्या पट्टीत. शिवाय एखाद्या चौकटीचा आवाज त्या चौकटीच्या शेजारी नसे, सुमारे वीस चौकटी पुढे असे. कारण प्रक्षेपण-यंत्रात चित्र दाखवणारी खिडकी एका जागी आणि आवाज वाचणारा दिवा दुसऱ्या जागी. १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ आला तेव्हा तर डीटीएस नावाच्या पद्धतीने आवाज वेगळ्या तबकडीवर ठेवला. फिल्मच्या कडेला वेळेच्या खुणा असत, तबकडीने चित्राच्या पायात पाय टाकून चालावे म्हणून. म्हणजे आपण ज्याला एक वस्तू समजतो ती आधीपासून दोन वस्तूंची जोडी आहे. मोबाइलमधली चित्रफीतही तशीच.

तुमच्यापैकी अनेकांनी जुन्या कागदांचे दप्तर पाहिले असेल. रुमालात बांधलेले, वर चिठ्ठी लावलेले. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी असली दप्तरे सोडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली होती, हे आठवत असेल. आता अशी कल्पना करा की चित्रफितीची फाइल म्हणजे असे एक दप्तर. रुमालावरच्या चिठ्ठीवर दप्तराचा प्रकार लिहिलेला: एमपी-४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही, थ्रीजीपी. आत कागदांचे निदान दोन गठ्ठे. एकात चित्र, दुसऱ्यात आवाज. आणि हे महत्त्वाचे, प्रत्येक गठ्ठ्याची लिपी वेगळी. चित्राची लिपी बहुधा एच-२६४ किंवा एच-२६५. आवाजाच्या लिप्या अनेक: एएसी, एमपी-३, एसी-३, डीटीएस, ओपस, पीसीएम, एएमआर. या लिप्यांना जाणकार ‘कोडेक’ म्हणतात. आपण लिपीच म्हणू.

रुमालावरची चिठ्ठी वाचून आतली लिपी कळत नाही. एमकेव्ही हे नाव तर मात्र्योश्का या रशियन बाहुल्यांवरून आले आहे, एका बाहुलीच्या पोटात दुसरी. त्या दप्तरात जवळजवळ काहीही बांधता येते. उलट एमपी-४ दप्तराचे नियम कडक आहेत, ते ठराविक लिप्यांचेच कागद घेते. ‘माझी फाइल एमपी-४ आहे, मग चालत का नाही?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर हेच की चिठ्ठी बाळबोध असली तरी आतला कागद मोडी असू शकतो.

रूपांतर करणारे ॲप किंवा प्रोग्राम म्हणजे या दप्तराची नक्कल करणारा कारकून. त्याच्यापुढे मोडीचा गठ्ठा आला तर तो तीनपैकी एक काहीतरी करणार. मोडी येत असेल तर तो ती वाचून बाळबोधीत उतरवील, हे उत्तम. येत नसेल आणि कारकून हुशार असेल तर अक्षराला अक्षर काढून तशीच मोडी नकलेत ठेवील. मग कागद नकलेत आहे, पण ज्याच्या हाती नक्कल जाणार त्याला मोडी येत नसेल तर उपयोग नाही. आणि तिसऱ्या जातीचा कारकून तो गठ्ठा गुपचूप बाजूला ठेवतो, चित्राचाच गठ्ठा उतरवतो, वर ‘काम पूर्ण’ असा शिक्का मारतो! फुकटच्या ॲपांत हा तिसरा कारकून फार भेटतो. चूक झाली असे तो सांगतसुद्धा नाही, हा त्याचा खरा दोष.

गुरुजींच्या बाबतीत हेच झाले होते. बटणांचे जुने मोबाइल आवाज एएमआर लिपीत लिहीत. ही लिपी टेलिफोनवरच्या संभाषणासाठी बनवलेली. १९९९ साली ती मोबाइल दूरध्वनीसाठी मुक्रर झाली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतात. आजच्या चित्रफितींत साधारणपणे ४८,००० घेतात. बोललेले समजावे एवढाच तिचा हेतू. नव्या टीव्हीला आणि ब्राउझरला ती येत नाही, आणि त्या ॲपच्या कारकुनालाही येत नव्हती. त्याने आजींचा आवाज वगळला होता.

मग पहिले काम कोणते? रूपांतर पुन्हा करून पाहणे नव्हे. लोक एकामागून एक पाच ॲपे आजमावतात. त्यात वेळ जातो आणि घरातले, गावातले आवाज परक्यांच्या हाती जातात, कारण यांतली काही ॲपे आणि संकेतस्थळे फाइल आपल्याकडे चढवून घेतात. पहिले काम म्हणजे मूळ दप्तर सोडून आत काय आहे ते बघणे. त्यासाठी व्हीएलसी नावाचा प्रोग्राम पुरतो. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ साली तो करायला घेतला. फुकट आहे, संगणकावर चालतो, मोबाइलवरही चालतो, आणि त्याला बहुतेक साऱ्या लिप्या येतात. संगणकावर मूळ फाइल त्यात उघडा, ‘टूल्स’ या यादीत जा, ‘कोडेक इन्फर्मेशन’ वर टिचकी मारा. तिथे गठ्ठ्यांची यादीच दिसते: स्ट्रीम शून्य, स्ट्रीम एक, आणि प्रत्येकापुढे तो चित्राचा की आवाजाचा, आणि कोणत्या लिपीतला. नंतर मुकी झालेली नक्कलही तशीच उघडा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की निम्मे निदान झाले.

मूळ फायलीत आवाजाचा गठ्ठा आहे, नकलेत नाही, तर कारकुनाने वगळला. दोन्हीत आहे, व्हीएलसीत ऐकूही येतो, फक्त टीव्हीवर येत नाही, तर नक्कल धड आहे, टीव्हीला लिपी येत नाही. मूळ फायलीतच नाही, तर रूपांतराला दोष देऊ नका. ती फीत जन्मतःच मुकी. असेही होते. काही मोबाइल वेळ आकसून दाखवणारी फीत घेताना आवाज घेतच नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना लाउडस्पीकरच्या खुणेवर चुकून बोट लागले तर आवाज काढूनच फीत जाते. ही सोय २०२१ पासून आहे. अशा वेळी ज्याने पाठवली त्याला ‘बाबा रे, तुझ्याकडची मूळ फीत दे’ असे सांगावे, कारण त्याच्या मोबाइलमध्ये ती आवाजासह असते. मात्र आज-उद्या करू नये, त्यानेही ती पुसली म्हणजे झाले.

आता दुरुस्ती. मोडी येणारा कारकून गाठायचा. त्यांतला सर्वांत जाणता म्हणजे एफएफएमपेग, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामकाराने २००० साली सुरू केलेला. फुकट आहे आणि कुठलीही लिपी वाचतो म्हटले तरी चालेल. पण त्याला खिडक्या-बटणे नाहीत, रोमन अक्षरांत आज्ञा टंकित करावी लागते. ती मी इथून सांगत बसत नाही. कानाने ऐकून ती लिहिता यायची नाही, एक आडवी रेघ चुकली तरी कारकून रुसतो. शाळेत संगणक शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. आज्ञेचा मथितार्थ मात्र ध्यानात ठेवा: मूळ दप्तर घे, आवाजाचे एएसी लिपीत लिप्यंतर कर, चित्र जसेच्या तसे ठेव, आणि सगळे एमपी-४ दप्तरात बांध.

‘चित्र जसेच्या तसे ठेव’ हे मी मुद्दाम सांगतो आहे. आवाज नाही म्हणून लोक सगळी फीत पुन्हा उतरवतात, त्यात चित्राचेही पुन्हा लिप्यंतर होते. प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो, नकलेची नक्कल करताना अक्षर बिघडते तसा. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होतात, फळ्यावरचे खडूचे अक्षर पसरते. शिवाय तासाभराच्या पाठाला जुना संगणक बराच वेळ घेतो. चित्राला हात न लावता फक्त आवाज उतरवला तर तेच काम काही मिनिटांत संपते. ज्यांना आज्ञा टंकित करणे नको वाटते त्यांनी ॲव्हिडेमक्स घ्यावा. त्याच्या खिडकीत डाव्या हाताला चित्रासाठी ‘कॉपी’, आवाजासाठी ‘एएसी’ आणि दप्तरासाठी ‘एमपी-४’ एवढे तीन पर्याय निवडले की झाले. हॅन्डब्रेक नावाचा प्रोग्रामही चांगला, लोकप्रियही आहे, पण तो चित्राचे लिप्यंतर केल्याशिवाय राहत नाही, हे जाणून वापरावा.

गुरुजींच्या फायलींना ही सवलत मिळाली नाही. तिथे चित्राची लिपीही जुनाट, एच-२६३. टीव्हीला तीही येईना. म्हणून दोन्हींचे लिप्यंतर करावे लागले. सात तुकडे बोलू लागले. आवाज टेलिफोनवरच्यासारखाच येतो, कोंडल्यासारखा, आणि तो तसाच राहणार. ८,००० नमुन्यांत जे टिपलेच नव्हते ते लिप्यंतराने येत नाही. ‘आवाज सुधारा’ म्हणून पैसे मागणाऱ्यांचे ऐकू नका. पुसलेल्या दोन तुकड्यांसाठी आम्ही मोबाइलचे कार्ड तपासले. त्या जागेवर नवे फोटो लिहिले गेले होते.

आता याहून निराळी उदाहरणे सांगतो, कारण रोग दिसायला एक असला तरी कारणे अनेक.

पेनड्राइव्हवर कुणी चित्रपट किंवा माहितीपट दिला, टीव्हीला लावला, चित्र सुरेख, आवाज नाही. दप्तर एमकेव्ही, आवाजाची लिपी डीटीएस किंवा एसी-३. या लिप्या वाचण्याचा परवाना विकत घ्यावा लागे. डीटीएसचा अजूनही लागतो. म्हणून २०१८ च्या सुमारापासून काही नामवंत टीव्ही-कंपन्यांनी आपल्या नव्या संचांतून डीटीएस काढून टाकली. टीव्ही बिघडलेला नसतो, दुकानदाराला बोलण्यात अर्थ नाही. वर सांगितला तोच उपाय.

शिक्षकांना जास्त भेडसावणारी गोष्ट वेगळी आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत अनेकांनी संगणकाच्या पडद्यावरचा पाठ मुद्रित करायला शिकून घेतले. ओबीएस नावाचा प्रोग्राम त्यासाठी पुष्कळांनी वापरला. त्यात आवाजाचे सहापर्यंत वेगळे गठ्ठे ठेवता येतात. एखाद्या जाणत्या पुतण्याने व्यवस्था अशी लावून दिलेली असते की संगणकातले संगीत पहिल्या गठ्ठ्यात आणि सरांचा आवाज दुसऱ्या गठ्ठ्यात. हेतू चांगला, पुढे संगीत हळू करता यावे. पण रूपांतर करताना कारकून आवाजाचा एकच गठ्ठा घेतो. एफएफएमपेगसारखा जाणता कारकूनही वेगळे काही सांगितले नाही तर ज्यात जास्त वाहिन्या आहेत तो, आणि सगळे सारखे असतील तर पहिला, असा एकच उचलतो. परिणाम असा की पाठात सतार वाजते आणि सर मुके! इथे गठ्ठा वाचता न येण्याचा प्रश्नच नाही, दोन्हींची लिपी तीच. व्हीएलसीत ‘ऑडिओ’ या यादीतल्या ‘ऑडिओ ट्रॅक’ मध्ये जाऊन दुसरा गठ्ठा निवडा, सर बोलू लागतील. आणि रूपांतर करताना सगळे गठ्ठे घे, किंवा दोन्ही मिसळून एक कर, असे कारकुनाला स्पष्ट सांगा.

यापुढचे उदाहरण मला सगळ्यांत नवलाचे वाटते, आणि ते गावोगाव घडते. स्नेहसंमेलन किंवा कीर्तन. ध्वनिक्षेपकवाल्याचा चांगला मायक्रोफोन आहे, त्याची जाड वायर एका जोडणीतून थेट कॅमेऱ्यात घातली. रात्री हेडफोन लावून ऐकले तर बुवांचा आवाज आहे, जरा पोकळ, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी आल्यासारखा, पण आहे. फीत मोबाइलसाठी लहान करून गावाच्या गटावर टाकली. लोक म्हणतात, ‘बुवा दिसतात, ऐकू येत नाहीत. मागचं पोरांचं बोलणं मात्र जरा जरा येतंय.’ दप्तर बघावे तर आवाजाचा गठ्ठा जागच्या जागी, लिपी एएसी, सगळे बिनचूक.

झाले असे. व्यावसायिक मायक्रोफोनच्या वायरीत एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. लांब वायरीत शिरणारी घरघर काढून टाकण्याची ती युक्ती आहे आणि नेमक्या यंत्राला जोडली तर अतिशय गुणाची. पण कॅमेऱ्याचे लहान भोक असते डाव्या-उजव्या आवाजासाठी. त्यात ही वायर घातली की सुलटा आवाज डाव्या बाजूला जातो, उलटा उजव्या बाजूला. दोन कानांत वेगवेगळे ऐकले तर ऐकू येते. एकच स्पीकर असलेल्या मोबाइलने, किंवा आवाज ‘मोनो’ करणाऱ्या कारकुनाने, दोन्हींची बेरीज केली की पाच अधिक उणे पाच, बरोबर शून्य! गणिताच्या शिक्षकांना वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही. पोरांचे बोलणे उरले ते कॅमेऱ्याकडे दुसऱ्या वाटेने आले म्हणून; त्याची अशी जोडी जमलेली नव्हती.

याची परीक्षा सोपी आहे. मूळ फीत व्हीएलसीत लावा, ‘ऑडिओ’ मध्ये ‘स्टिरिओ मोड’ आहे, त्यात ‘मोनो’ निवडा. आवाज गेला? आता ‘लेफ्ट’ निवडा. आला? मग हेच कारण. दुरुस्तीत दोन्ही बाजूंची बेरीज करू नका. एकच बाजू घ्या आणि तीच दोन्हीकडे ठेवा. शॉटकट नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये ‘कॉपी चॅनल’ हेच काम करते. आणि पुढच्या वर्षी ध्वनिक्षेपकवाल्याला आधीच सांगून ठेवा की कॅमेऱ्यासाठी योग्य जोडणी आण. बाजारात ती मिळते.

रूपांतर कुठलेही असो, नक्कल ऐकल्याशिवाय मूळ पुसू नये. ऐकायची म्हणजे पहिली दहा सेकंदे नव्हे. सुरुवात, मध्य आणि शेवट; काही वेळा अर्ध्यावर आवाज तुटतो, काही वेळा हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो, आणि हे सुरुवातीला कळत नाही. तीही ज्या यंत्रावर वाजवायची त्याच यंत्रावर ऐकावी. आणि आजीच्या ओवीसारखी, परत न मिळणारी फीत असेल तर नक्कल उत्तम निघाली तरी मूळ थ्रीजीपी फाइल दोन वेगळ्या जागी ठेवूनच द्यावी. दोन-तीन मिनिटांच्या अशा फायलीला जागा ती किती लागते? सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी मोबाइल भरतो, त्या पुसा की!

जाता जाता जुन्या व्हीएचएस कॅसेटींविषयी दोन शब्द. अनेक शाळांच्या कपाटांत रौप्यमहोत्सवाच्या, निरोपसमारंभाच्या कॅसेटी पडून आहेत. त्या वाजवणारी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत. शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलैअखेर ती बनवणे बंद केले. म्हणून ज्यांच्याकडे चालू यंत्र आहे त्यांनी हे काम लांबवू नये. यंत्राच्या मागे तीन टोकांची वायर असते: पिवळे टोक चित्राचे, पांढरे आणि लाल आवाजाचे. नुसते पिवळे लावले तर तीन तासांची मुकी फीत मिळते, आणि हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. जुन्या यंत्राला कधी लाल भोक नसतेच. तिथे पांढरे लावले तरी पुरे. तिन्ही टोके लावूनही आवाज आला नाही तर संगणकात पाहा: चित्र घेणारी डबी आणि आवाज घेणारी डबी संगणकाला दोन वेगळी यंत्रे वाटतात, आणि उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये आवाजासाठी तिचेच नाव निवडावे लागते, नाही तर संगणक आपल्याच मायक्रोफोनमधून खोलीतला पंखा टिपत बसतो. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावा, दोन मिनिटे उतरवा, थांबा, ऐका. आवाज आला की मग रौप्यमहोत्सवाची लावा. तीस-पस्तीस वर्षे पडून राहिलेली फीत दुसऱ्यांदा नीट चालेलच असे नाही.